उलटी यादी, सुलटा आकडा

भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष आकड्यांत लिहिलं नाही. 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी ते चार शब्दांत गुंफलं: रस, गुण, पूर्ण, मही. जुन्या गणितज्ञांची ही भूतसंख्या पद्धत. श्लोकात आकडा घालायचा तर वृत्तात बसेल असा शब्द हवा, म्हणून प्रत्येक अंकासाठी जगात ठरावीक संख्येने आढळणारी गोष्ट घ्यायची. नेत्र म्हणजे दोन, वेद चार, मदनाचे बाण पाच, वसू आठ. रस सहा, कारण इथे जिभेचे रस मोजायचे. काव्यातले नऊ मोजणारा चुकतो. गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. तेव्हा वाचत गेलं की अंक हाती येतात ६, ३, ०, १.

शके ६३०१ उजाडायला अजून चार हजारांहून जास्त वर्षं आहेत. भूतसंख्येत एकक आधी सांगतात, मग दशक, मग शतक, त्यामुळे ही यादी शेवटाकडून वाचायची: १०३६. शकात ७८ मिळवले की इसवी सन १११४. ग्रंथ रचला तेव्हाचं वयही आचार्यांनी असंच सांगितलं आहे, पुन्हा रस आणि गुण, म्हणजे सहा आणि तीन. उलटलं की छत्तीस. ग्रंथाचं साल शके १०७२, इसवी सन ११५०. न उलटता वाचणारा त्यांना एका फटक्यात सत्तावीस वर्षांनी म्हातारं करून टाकतो.

'दिलेली यादी उलटी करून छापा' हे गणित प्रोग्रॅमिंगच्या प्रत्येक वर्गात पहिल्या काही आठवड्यांत येतं. एरवी ते रुक्ष असतं. एक ते पाच आकडे द्यायचे, पाच ते एक छापायचे, संपलं. आचार्यांचे चार अंक घेतले की त्यातले दोन वेगळे प्रश्न उघडे पडतात. यादी उलटवताना नेमकं काय बदलायचं? आणि उत्तर डोळ्यांना कसं दिसायला हवं? 'कंस, एक, स्वल्पविराम, शून्य' असं काही वाचकाला नको असतं, त्याला १०३६ हवे असतात. यादी काय आहे आणि ती कशी दिसते या दोन गोष्टींची गल्लत हेच नवशिक्यांच्या निम्म्या चुकांचं मूळ आहे, असं माझं मत आहे. म्हणून हे प्रकरण या चार अंकांवरच रेंगाळणार आहे.

आज्ञा पायथॉन भाषेतल्या घेऊ. खीदो फान रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि आज शाळा-कॉलेजांत पहिली भाषा म्हणून बहुधा तीच शिकवतात. वाचायला सोपं जावं म्हणून आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर आज्ञा आणि त्यातले आकडे रोमन लिपीत टाइप करावे लागतात. व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ मध्ये खरोखरच देवनागरीत चालतात.

    अंक = [६, ३, ०, १]
    अंक.रिव्हर्स()
    प्रिंट(अंक)

पडद्यावर [१, ०, ३, ६] उमटतं. 'अंक' नावाची जी यादी होती, तीच जागच्या जागी उलटली. मूळ क्रम आता कुठेही शिल्लक नाही. तो हवा असेल तर यादी पुन्हा एकदा उलटवायची. इथवर सगळं सुरळीत. पण बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी असं लिहितात:

    उलट = अंक.रिव्हर्स()
    प्रिंट(उलट)

आणि पडद्यावर 'नन' एवढाच शब्द येतो. नन म्हणजे काहीच नाही. प्रोग्रॅम कोसळत नाही, लाल अक्षरांत तक्रार येत नाही, फक्त उत्तर गायब. विद्यार्थी मग यादीकडे संशयाने बघतो, टाइप करताना काही चुकलं का ते तपासतो. यादी तर बिचारी उलटलेलीच असते, 'अंक' या नावाखाली. रिव्हर्सने काम केलं, पण हातात काही दिलं नाही.

हे मुद्दाम केलेलं आहे. पायथॉनचा संकेत असा: जी कृती वस्तूतच बदल करते, ती उत्तर म्हणून काही परत देत नाही. तिने उलटलेली यादी परत दिली असती, तर लिहिणाऱ्याला वाटलं असतं की आपल्याला नवी प्रत मिळाली आणि जुनी शाबूत आहे. तो गैरसमज पुढे शंभर ओळींनंतर कुठेतरी फुटला असता. रिकामा हात जागेवरच दिसतो. यादीची क्रमवारी लावणारी सॉर्ट ही कृतीही याच कारणाने नन देते.

सगळ्याच भाषा इतक्या कडक नाहीत. जावास्क्रिप्टची रिव्हर्स यादी जागच्या जागी उलटवते आणि वर तीच यादी परतही करते. त्यामुळे 'उलट' आणि 'अंक' अशी दोन नावं दिसतात, पण त्यांच्यामागे यादी एकच. हा सापळा वर्षानुवर्षं लोकांना भोवला. अखेर २०२३ च्या प्रमाण आवृत्तीत नवी यादी देणारी 'टू-रिव्हर्स्ड' ही वेगळी कृती जावास्क्रिप्टमध्ये आली. रुबी भाषेने हे उद्गारचिन्हावर सोडवलं: नुसतं रिव्हर्स म्हटलं तर नवी यादी, आणि पुढे उद्गारचिन्ह लावलं तर मूळ यादीलाच हात. मला हा उपाय सर्वांत रसिक वाटतो. ओरडून सांगितल्याशिवाय मूळ वस्तू बदलत नाही.

एका यादीला दोन नावं, ही भानगड पायथॉनमध्येही आहेच. 'दुसरी = अंक' असं लिहिलं की यादीची प्रत निघते असं वाटतं. तसं होत नाही, त्याच यादीला दुसरं नाव मिळतं. मग दुसरी उलटवली की अंकही उलटलेले दिसतात. आचार्यांनी सांगितलेला क्रम एका नावाखाली आणि वाचायचा क्रम दुसऱ्या नावाखाली ठेवायचा असेल, तर खरीखुरी प्रत काढायला हवी.

त्यासाठी पायथॉनमधली लोकप्रिय युक्ती म्हणजे यादीच्या नावापुढे चौकटी कंस, त्यात दोन अपूर्णविराम आणि उणे एक. अपूर्णविरामांच्या आजूबाजूला काहीच लिहिलेलं नाही, म्हणून 'सगळी यादी'. आणि उणे एक म्हणजे एकेक पाऊल मागे. यातून नवी यादी मिळते, जुनीला धक्का लागत नाही. ही सोय २००३ च्या पायथॉन २.३ मध्ये याद्यांसाठी आली. दिसायला ती जरा जादूटोण्यासारखी आहे. अनुभवी माणसाला ती एका नजरेत कळते, नवख्याला अजिबात कळत नाही. म्हणून शिकवताना ती पहिल्या दिवशी दाखवू नये असं मला वाटतं.

तिसरा मार्ग आहे 'रिव्हर्स्ड'. नावात शेवटी एका 'ड'चा फरक, पण काम निराळं. चर्चगेटला लोकल पोचते तेव्हा गाडी काही गरगर फिरवून उलटी करत नाहीत. डबे आहेत तिथेच राहतात. मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि मघाचा शेवटचा डबा आता पहिला होतो. रिव्हर्स्ड तेवढंच करतं. यादीला हात लावत नाही, प्रतही काढत नाही, फक्त शेवटच्या टोकापासून एकेक अंक देत जातं. म्हणूनच ते थेट छापायला गेलं तर अंकांऐवजी 'यादीचा उलट-फिरक्या, स्मृतीत अमुक ठिकाणी' अशा अर्थाचा मजकूर आणि एक विचित्र पत्ता उमटतो. शिवाय ती फेरी एकदाच होते. पहिल्यांदा त्यातून चार अंक काढून घेतले की दुसऱ्यांदा मागितल्यावर रिकामी यादी मिळते.

रिव्हर्स्ड ही कल्पना रेमंड हेटिंगर यांनी २००३ मध्ये मांडली आणि पुढच्या वर्षी पायथॉन २.४ मध्ये ती आली. त्याआधी यादी शेवटाकडून चालायची तर स्थानांचा हिशेब स्वतः मांडावा लागे. चार अंकांची स्थानं ० ते ३, कारण मोजणी शून्यापासून. म्हणून सुरुवात लांबी उणे एक, म्हणजे ३ पासून. थांबायचं ० वर, पण रेंज या आज्ञेत शेवटची मर्यादा धरत नाहीत, म्हणून मर्यादा उणे एक. आणि पाऊल मागे, म्हणून पुन्हा उणे एक. एका ओळीत तीनदा 'उणे एक', आणि तिन्हींची कारणं वेगळी. यात एक जरी विसरला तरी पहिला अंक गळतो, प्रोग्रॅम यादीबाहेर हात घालतो, नाहीतर काहीच छापत नाही. हेटिंगर यांचा मुद्दा हाच होता की इतकी साधी गोष्ट लिहिताना माणसाला इतका विचार करावा लागू नये.

तरीही एकदा हाताने यादी उलटवून पाहावी. पहिला आणि शेवटचा अंक अदलाबदल करायचे, मग दुसरा आणि शेवटून दुसरा, असं आत सरकत जायचं. सी भाषेत तयार आज्ञा नसल्याने तिथे हेच करावं लागतं, आणि अदलाबदलीसाठी एक तिसरी जागाही लागते, नाहीतर पहिला अंक पुसला जातो. आता मुख्य प्रश्न: थांबायचं कुठे? सहज सुचणारं उत्तर म्हणजे यादी संपेपर्यंत. तसं केलं तर ६, ३, ०, १ मध्ये आधी सहा आणि एक बदलतात, मग तीन आणि शून्य. इथे यादी उलटली. पण फेरी चालूच राहते. शून्य आणि तीन परत जागेवर जातात, एक आणि सहाही. प्रोग्रॅमने दुप्पट काम करून यादी होती तशी आणून ठेवली, आणि बघणाऱ्याला वाटतं की त्याने काहीच केलं नाही. निम्म्यावर थांबायचं, अंक विषम असले तर मधल्याला हलवायचं कारणच नाही.

सी भाषेचं प्रसिद्ध पुस्तक ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांचं, १९७८ सालचं. त्यात उलटवण्याचं हे छोटं कार्य एका भलत्याच कामासाठी वापरलेलं आहे, आणि ते वाचताना भूतसंख्येची आठवण येते. संगणकाच्या पोटात १०३६ ही संख्या असते; एक, शून्य, तीन, सहा अशी चार चिन्हं तिथे नसतात. ती पडद्यावर दाखवायची तर चिन्हं तयार करायला हवीत. दहाने भागून बाकी घेतली की ६ मिळतात. उरलेल्या १०३ ला पुन्हा दहाने भागलं की बाकी ३. मग ०, मग १. म्हणजे अंक निघतात ६, ३, ०, १ याच क्रमाने, एकक आधी! भागाकाराला हाच क्रम सोयीचा. शेवटी कर्निहॅन-रिची ती ओळ उलटवतात आणि मग वाचकाच्या हाती देतात. आजच्या बऱ्याच प्रणाली उलटवण्याचे कष्ट वाचवायला चिन्हं मागच्या टोकाकडून भरत येतात. काम तेच, फक्त वेगळ्या दिशेने.

उलट दिशेचं, म्हणजे अंकांवरून संख्या करायचं काम असेल तर यादी उलटवायलाच लागत नाही. सहा गुणिले एक, तीन गुणिले दहा, शून्य गुणिले शंभर, एक गुणिले हजार, आणि बेरीज. प्रत्येक अंकाची किंमत कळली की तो कुठे उभा आहे याने फरक पडत नाही. यंत्राला हिशेबासाठी उलटापालट नको होती. ती हवी होती वाचणाऱ्याच्या डोळ्यांना.

आता त्या डोळ्यांकडे वळू. [१, ०, ३, ६] यातले कंस आणि स्वल्पविराम यादीत नसतात. पायथॉनला यादी छापायला सांगितली की तो ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ओळखू येईल अशा रूपात छापतो: ही यादी आहे, इथे सुरू, इथे संपली. शब्दांची यादी असेल तर प्रत्येक शब्दाभोवती अवतरणचिन्हंही येतात. हे रूप चुका शोधायला फार उपयोगी आहे. '६' हे अवतरणात दिसलं तर ते अक्षर आहे, नुसतं दिसलं तर संख्या, हे लगेच कळतं. पण वाचकापुढे ठेवायचं रूप हे नव्हे.

हॅकररँक या प्रोग्रॅमिंगच्या संकेतस्थळावर तीस दिवसांची एक सरावमालिका आहे. तिच्या सातव्या दिवशी हेच गणित येतं: चार आकडे १ ४ ३ २, ते उलटे छापा, एका ओळीत, मध्ये एकेक जागा सोडून. तपासणारा माणूस नसतो, यंत्र असतं, आणि ते तुमचा मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतं. कंसांसकट छापलेली यादी त्याच्या लेखी चूक, अंकांचा क्रम कितीही बरोबर असो. मुलं रागावतात. त्यांचं म्हणणं, 'उलटवलं तर मी बरोबरच ना?' उलटवलं बरोबरच, दाखवलं चुकीचं.

पायथॉनमध्ये दाखवण्याचे दोन सरळ रस्ते आहेत. प्रिंट करताना यादीच्या आधी एक तारका लावली की यादी सुटी होते आणि प्रत्येक अंक स्वतंत्रपणे छापला जातो. दोन अंकांमध्ये काय ठेवायचं ते 'सेप' या सूचनेने सांगता येतं. काहीच सांगितलं नाही तर एक जागा. स्वल्पविराम सांगितला तर स्वल्पविराम. आणि रिकामं अवतरण दिलं तर मध्ये काहीच नाही, म्हणजे थेट १०३६.

दुसरा रस्ता 'जॉइन'. इथे अंक जोडून एकच मजकूर तयार होतो, छापणं नंतर. त्याची एक खोच आहे. बहुतेकांना वाटतं की यादीला सांगायचं, 'जोडली जा'. पायथॉनमध्ये हे काम जोडणाऱ्या चिन्हाकडे आहे. आधी स्वल्पविराम लिहायचा, मग टिंब, मग जॉइन, आणि कंसात यादी. स्वल्पविरामाला सांगायचं की या सगळ्यांच्या मधे जाऊन बस. उलटं वाटतं, पण सवय होते. खरी अडचण पुढची. आपली यादी संख्यांची आहे आणि जॉइनला फक्त मजकूर जोडता येतो. संख्या दिली तर तो हटून बसतो आणि पहिल्याच घटकावर बोट ठेवतो: मजकूर अपेक्षित होता, संख्या सापडली. प्रत्येक अंकाचं आधी मजकुरात रूपांतर करावं लागतं. जावास्क्रिप्टचा जॉइन हे रूपांतर न विचारता करून टाकतो. सुरुवातीला ते प्रेमळ वाटतं; पायथॉनच्या हट्टामुळे मात्र संख्या कोणती आणि मजकूर कोणता हे लिहिणाऱ्याला कायमचं कळतं.

हा फरक शून्याशी गाठ पडली की चांगलाच जाणवतो. कुणी 'बाण, पूर्ण' असं सांगितलं, तर अंक ५, ०, उलटून ०५. मजकूर म्हणून जोडलं तर ०५ राहतं, संख्या केली तर नुसतं ५. वर्षाला पुढचं शून्य नको, पण घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं दाखवायची तर ०९:०५ हवं. बँकेच्या खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं एक्सेलमध्ये नाहीशी होतात तीही याच गोंधळातून: तो क्रमांक म्हणजे खरं तर मजकूर, एक्सेल त्याला संख्या समजतं.

काय छापायचं आणि कसं छापायचं हे वेगळं ठेवावं, ही जाण प्रोग्रॅमिंगइतकीच जुनी आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या यंत्रासाठी केलेली फोरट्रान भाषा १९५७ मध्ये आली. तिच्यात छापण्याची आज्ञा एका ओळीत आणि छपाईचं रूप सांगणारं 'फॉरमॅट' हे वाक्य दुसऱ्या ओळीत असे. कुठल्या संख्येला किती रकाने, दशांशानंतर किती घरं, सगळं त्या वाक्यात. संख्या दिलेल्या रकान्यांत मावली नाही तर फोरट्रान तिथे तारकांची रांग छापतं. सीचा प्रिंटएफ आणि पायथॉन तसं करत नाहीत. ते रुंदी 'किमान' मानतात, मोठी संख्या आली तर रकाना फुटू देतात, पण संख्या पूर्ण छापतात. दोन्हींमागे विचार आहे. फोरट्रानवाल्यांना कोष्टक सरळ हवं होतं आणि न मावलेला आकडा अर्धवट छापून फसवायचं नव्हतं. मी मात्र वाकडं कोष्टक पत्करेन. आकडा तरी वाचता येतो.

पायथॉन ३.६ पासून, म्हणजे २०१६ अखेरीपासून, हे सगळं एफ-स्ट्रिंग नावाच्या मजकुरात लिहिता येतं: महिरपी कंसात संख्या, मग अपूर्णविराम, मग रूप. रूपात स्वल्पविराम लिहिला की मोठ्या संख्येत स्वल्पविराम पडतात. आणि इथे मराठी माणूस थबकतो, कारण बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या १,२३४,५६७ अशी उमटते. आपल्याला १२,३४,५६७ हवं. शेवटचे तीन अंक एकत्र, त्याआधीचे दोन-दोन.

गंमत म्हणजे यावरचा हाताने करायचा सोपा उपाय पुन्हा उलटवण्याचाच आहे. गट उजवीकडून पाडायचे आहेत, म्हणून आधी संख्येचा मजकूर उलटा करायचा: ७६५४३२१. आता डावीकडून पहिले तीन तोडा, मग दोन-दोन: ७६५, ४३, २१. मध्ये स्वल्पविराम घाला, सगळं परत उलटा करा: १२,३४,५६७. झालं. आता यात उणे संख्या देऊन पाहा. उणे १,२३,४५६ दिली तर उत्तर बरोबर येतं, आणि लिहिणारा खूश होतो. उणे १२,३४,५६७ दिली तर येतं '-,१२,३४,५६७'. उणे चिन्ह उलट्या मजकुराच्या शेपटीला गेलं आणि त्यालाही एक अंक समजून स्वतंत्र गट मिळाला. सहा अंकांत ते एकट्या उरलेल्या अंकाशी जोडी जमवून लपलं होतं. चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचं आणि शेवटी लावायचं. दशांश चिन्हाचंही तसंच. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला मात्र 'मराठी, भारत' एवढं सांगितलं की तो आपणहून १२,३४,५६७ देवनागरी अंकांत छापतो. पायथॉनही देवनागरीला अगदीच परका नाही: मजकुरातल्या १०३६ चं संख्येत रूपांतर करायला सांगितलं तर तो मुकाट्याने करतो.

देवनागरी शब्दांचं कोष्टक करायला गेलं की मात्र खरी परीक्षा. डाव्या रकान्यात आपले चार शब्द, उजव्यात त्यांचे अंक, आणि डावा रकाना आठ घरांचा. 'रस'पुढे पायथॉन सहा जागा सोडतो. 'पूर्ण'पुढे फक्त तीन. डोळ्यांना दोन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे दिसतात, पण यंत्र मोजतं ते युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीतले सुटे संकेत: प, दीर्घ उकार, र, हलन्त, ण. पाच. 'गुण' आणि 'मही' तीन-तीन. परिणामी अंकांची उभी रांग नागमोडी होते. मराठी मजकुराची रुंदी संकेत मोजून कधीच कळत नाही, आणि बहुतेक टंकांत आपली अक्षरं सारख्या रुंदीची नसतातच. साध्या पडद्यावर काम भागवायचं तर अंकांचा रकाना आधी ठेवा आणि मराठी शब्दांचा शेवटी. मग शेपूट कितीही हललं तरी बिघडत नाही.

याच कारणाने मराठी शब्द उलटवणं हे संख्या उलटवण्यापेक्षा अवघड आहे. 'मराठी' घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात आणि उलटून 'ठीराम' हवं असतं. यंत्राकडे संकेत पाच: म, र, काना, ठ, वेलांटी. ते उलटवले की आधी वेलांटी येते, कुणाच्याच डोक्यावर नसलेली, ठिपक्यांच्या वर्तुळावर अधांतरी. मग ठ, आणि र ला चिकटलेला काना आता ठ ला जाऊन बसतो. 'ठारम', आणि त्याच्यापुढे लटकणारी वेलांटी.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य आहे, 'रामाला भाला मारा'. दोन्हीकडून सारखंच. मधल्या जागा काढून हे पायथॉनकडून तपासून घेतलं तर तो ठामपणे 'नाही' म्हणतो. वाक्य र ने सुरू होतं, उलटं वाक्य कान्याने. इथे उलटवण्याची आज्ञा निर्दोष आहे. तिला दिलेली यादीच चुकीची आहे. आधी वाक्याची अक्षरांत फोड करायची: रा, मा, ला, भा, ला, मा, रा. प्रत्येक अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्याच्या मात्रा मिळून यादीतला एकच घटक. मग ही यादी उलटवायची. आता उत्तर 'हो' येतं. अशी फोड कशी करावी याचे नियम युनिकोडने ठरवून दिले आहेत, पण जोडाक्षरांचं घोडं बराच काळ अडलं होतं. 'नमस्कार'मधला 'स्का' त्या नियमांनी स् आणि का असा तुटत असे. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसारख्या लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र ठेवणारा नियम आला. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे या दुरुस्तीला बत्तीस वर्षं लागली. जुनी साधनं अजूनही जुनाच नियम पाळतात, तेव्हा 'नमस्कार' उलटवून आधी खात्री करावी.

आता 'चिमा काय कामाची' देऊन पाहा. अक्षरांत फोड बरोबर होते: चि, मा, का, य, का, मा, ची. तरी उत्तर 'नाही'. सुरुवातीचा चि ऱ्हस्व, शेवटचा ची दीर्घ. म्हणणारे शतकानुशतकं नसले तरी पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य दोन्हीकडून सारखंच म्हणत आले, कानाला तो फरक खटकत नाही. शुद्धलेखनाला खटकतो. कान धरायचा की शुद्धलेखन, हे कोणतीच भाषा तुमच्यासाठी ठरवून ठेवत नाही. कान धरायचा असेल तर ताडून पाहण्याआधी वाक्याची एक प्रत काढा, तिच्यात सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व करा, ती प्रत उलटवून तपासा, आणि छापताना मूळ वाक्यच छापा, शेवटच्या दीर्घ ची सकट.